आरशाचा घासलेला कोपरा

१९६१ सालचा फेब्रुवारी, सोमवारची सकाळ. वरिष्ठांची तपासणी आठवड्यावर आली होती आणि यवतमाळच्या आमच्या ठाण्यातली मुद्देमालाची खोली आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. गुन्ह्यांत जप्त केलेला माल त्या खोलीत असायचा. नोंदवहीतला एक आकडा वाचायचा, ती वस्तू शोधायची, तिच्यावरची चिठ्ठी नवी करायची आणि धूळ झटकायची. दोन सायकली झाल्या, तांब्याचे हंडे झाले, मग भिंतीला टेकवलेला, चादरीत गुंडाळलेला मोठा आरसा आला. नोकरीतली पुष्कळशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. या आरशाचं प्रकरण तेवढं वेगळं राहिलं आहे.

मी तेव्हा हेड कॉन्स्टेबल होते. जिल्ह्यात आम्ही बायका बोटावर मोजण्याइतक्या. बाई आरोपी असली, बाईची झडती घ्यायची असली किंवा एखाद्या घरात आत जाऊन बाईशी बोलायचं असलं की मला बोलावणं यायचं. एरवी कागद, पाणी आणि झाडझूड.

आरसा आदल्या शुक्रवारी जप्त झाला होता आणि त्यापायी एक बाई चौथा दिवस आमच्या कोठडीत बसून होती. तिचं खरं नाव लिहीत नाही. शांता म्हणू. वय तिशीच्या आतबाहेर, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. चार-पाच वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्यांच्या वस्तीत ती राहायची आणि एकाच आळीतल्या चार घरी कामाला जायची. त्यांतलं एक घर एका वकिलांचं. तिथं झाडणं, पुसणं आणि धुणं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकायचं नाही, हा त्या घरचा नियम होता. वकील स्वतःला सुधारक समजत, आणि दिवाणखान्यात तिला फिरू देत एवढ्यावर त्यांची सुधारणा थांबली होती. वस्तीबाहेरच्या बहुतेक घरांत तेव्हा तसंच होतं. मलाही त्यात काही खटकलं नव्हतं.

फिर्याद गुरुवारची. वकील एका दाव्यासाठी तीन दिवस पुसदला गेले होते. परत आले तर दिवाणखान्यातला आरसा जागेवर नाही. शिसवी चौकट, बेल्जियमची काच, उभा माणूस कमरेपर्यंत दिसेल एवढा. घरात त्यांची दुसरी बायको होती, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली. आपण दुपारी झोपलो होतो, आपल्याला काही माहीत नाही, असं तिनं सांगितलं. पहिली बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती. आरसा तिच्या माहेरून आलेला.

खबर त्याच संध्याकाळी आली. आमच्या अनुभवात खबर चांगुलपणातून क्वचित येते, बहुतेक वेळा ती जळफळाटातून येते. बाजारातला एक न्हावी शिपायाची दाढी करता करता म्हणाला, "कबाड्यानं मले मोठा आरसा दाखवला न् देल्ला डॉक्टरच्या घरी. म्हणते, तुह्या दुकानात शोभत नाही. आता मी काय गिऱ्हाइकाचे मुंडके परातीत पाहू?"

शुक्रवारी सकाळी फौजदारसाहेब, मी, दोन पंच आणि वकील असे डॉक्टरांच्या घरी गेलो. डॉक्टरांनी नवीन घर बांधलं होतं. डॉक्टरीणबाई नागपूरच्या, बोलायला फटकळ. पोलीस बघून त्या घाबरल्या नाहीत, चिडल्या.

"पावती आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आणि तीन आरशांतून निवडून घेतलाय. तो म्हणत होता तिन्ही जुने. मी म्हटलं, भिंतीकडून वळवून दाखव."

"मागून काय कळतं?" मी विचारलं. चौकशीत गरज नव्हती, पण मला ऐकायचं होतं.

"मागूनच कळतं. पुढून सगळेच आरसे छान दिसतात." त्यांनी आरसा थोडा कलता केला. मागे सागाच्या पातळ फळ्या होत्या, वयानं काळ्या पडलेल्या, आणि खिळे हातानं ठोकून केलेले, एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही. "त्या दोघांना मागे नवीन खोक्याची फळी आणि कारखान्याचे खिळे. चौकटीला चहाचं पाणी फासून जुनं केलेलं, वास येत होता. काचेचंही बघा." त्यांनी नख काचेला टेकवलं. नख आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात चांगली फट दिसली. "काच जाड आहे. आणि पारा कडेनं उडालाय, ठिपक्याठिपक्यांनी. मधेच गोल धब्बा उडालेला असेल तर समजायचं की कुणीतरी मुद्दाम उडवलाय. मला चेहरा लख्ख दिसायला नको होता. घरात एक जुनी वस्तू हवी होती."

वकिलांनी आरसा ओळखला. काचेकडे त्यांनी पाहिलंही नाही. खाली वाकून चौकटीच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "इथं डाग होता. कुणीतरी घासून काढलाय." पंचनाम्यात लिहिलं, फिर्यादीने मालाची ओळख पटवली. डागाचं कुणी लिहिलं नाही. मीही नाही.

कबाड्याला ठाण्यावर आणलं. चोरीचा माल घेतल्याबद्दल आत जाल, असं फौजदारांनी म्हटल्याबरोबर तो म्हणाला, की वकिलाच्या मोलकरणीनं विकला, साहेब घरी नव्हते, बाई झोपल्या होत्या. दुपारपर्यंत शांताला मी तिच्या दुसऱ्या एका घरून, भांड्यांवरून उठवून आणलं. तिच्या घराची झडती झाली. कुडाच्या भिंतीत चिखलानं बसवलेला तळहाताएवढा आरशाचा तुकडा होता, तो शिपायानं उचकटून पंचनाम्यात लिहिला. ती म्हणाली, "तो माहा हाय. यात्रेतला." शिपाई म्हणाला, "ते कोर्टात सांग."

तिची विचारपूस मी केली. माराचा प्रश्न नव्हता, मी त्यातली नाही. पण मारापेक्षा वाईट असं काहीतरी मी केलं, ते आत्ता लिहिते.

"आरसा कुणाला विकलास?"

"विकला नाही जी. बाईसाहेबानंच देल्ला. मी फक्त गाडीवर उचलू लागली."

"बाईसाहेब तर झोपल्या होत्या म्हणतात."

"मंग मी झोपेत उचलला काय?"

"नीट बोल."

"नीटच बोलून राह्यली. त्याहिनं मले म्हटलं, शांता, हा न्या म्हणा त्याले. मी साहेबाले सांगीन. मले काय माहीत मांगून काय करतीन त्या."

मी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तिचं बोलणं पडताळायला संध्याकाळी वकिलांच्या घरी गेले. वकील दारातच उभे. मी त्यांच्या देखत बाईंना विचारलं, "आरसा तुम्ही दिलात का?" त्यांनी खाली बघत मान हलवली, नाही. मी परत आले आणि कागदावर लिहिलं, आरोपी उडवाउडवीची उत्तरे देते. मला बाई म्हणून नेमलं होतं ते अशाच कामासाठी, आणि मी तो प्रश्न नवऱ्यासमोर विचारला.

शनिवारी मॅजिस्ट्रेटांनी मंगळवारपर्यंत कोठडी दिली. शांता रडली नाही. तिनं एकच विचारलं, "चारही घरं गेले का आता?" मी म्हटलं, कोर्ट ठरवेल. ती म्हणाली, "कोर्टाच्या घरी मी भांडे घासत नाही, बाई." तिची सासू दोन वेळा भाकर घेऊन आली. दुसऱ्या वेळी तिनं सांगितलं की आळीत दोन घरांनी पितळेच्या वस्तू मोजून ठेवल्या आहेत.

तर सोमवारी सकाळी मी आरशाची चादर काढली आणि धूळ पुसायला घेतली. चौकटीवर वेलबुट्टीचं कोरीवकाम होतं. बाकी सगळ्या खाचांत वर्षांचा मळ, आणि उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा फिक्कट, घासून निघालेली. तिथल्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. केसातली पिन काढून मी ते उकरलं. वाळलेल्या चिंचेचा चोथा आणि एक तुसासारखा धागा.

त्या कोपऱ्यावर डाग कसला असणार, हे मला तेव्हा सुचलं, आणि ते शुक्रवारीच सुचायला हवं होतं. तेव्हा बायका आधी मेण लावून त्यावर कोरडं कुंकू लावत. कुंकू लावून झालं की लाल झालेलं बोट पुसायचं कुठं? हाताशी असेल तिथं, आरशाच्या चौकटीला. सासरी माझ्या आरशालाही तसा डाग होता. वकिलांची पहिली बायको या आरशासमोर पंधरा वर्षं उभी राहिली असणार.

मी कोठडीपाशी गेले. "त्या आरशाच्या कोपऱ्यावर लाल डाग होता?"

"होता ना. साहेबाची सक्त ताकीद होती, तेथी फडकं लावायचं नाही. मी भोवतालून पुसो."

"तू घासलास का?"

"कायनं घासू? मले चिमूटभर राख पाहिजे त बाहेर बसून मांगा लागते."

चिंच स्वयंपाकघरात असते. देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासतात आणि ती भांडी घरची बाई स्वतः घासते. शांतानं त्या घरातली चिंच दुरूनही पाहिली नव्हती. आता राहिला कबाड्या. त्यालाही विचारायला हवं होतं, म्हणून मी त्याच्या दुकानात गेले. तो एका नव्या चौकटीला चहाचं पाणी लावत बसला होता. मला बघून त्यानं वाटी मागे सरकवली.

"राहू द्या," मी म्हटलं. "वकिलांच्या आरशाचा कोपरा तुम्ही घासलात?"

"अरे बाप्पा, मी कायले घासू जमादारीणबाई? डाग असला की माल जुना वाटते. इथं मी डाग पाडाची मजुरी करून राह्यलो न् तुम्ही मले डाग पुसाचं विचारता."

"म्हणजे तुमच्याकडे आला तेव्हाच घासलेला होता."

"ओला होता. हाताले चिकट लागला."

"आणि विकला कोणी?"

तो पुन्हा चौकटीला चहाचं पाणी लावायला लागला. मी त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसले. उठायची घाई नाही हे कळलं की माणसं बोलतात, हे मी नोकरीत लवकर शिकले होते.

"विकला कोणीच नाही," तो शेवटी म्हणाला. "दाराआडून बाईचा आवाज आला, घेऊन जा. म्या म्हटलं, किती द्याचे? त म्हणे, काही नको, लवकर ने. असा आरसा फुकट! तुमाले सांगतलं असतं त तुम्ही मलेच आत टाकलं असतं. मोलकरणीचं नाव सांगतलं त तुमाले लगेच पटलं."

हे त्याचं वाक्य मी जबाबात घेतलं नाही. पण ते खरं होतं.

वकील त्या वेळी कोर्टात असायचे. मी मागच्या दारानं गेले. वकिलीणबाई तांदूळ निवडत होत्या. चोवीस-पंचवीसच्या असतील, माहेर पुसदकडचं. मी पाटावर बसले आणि चिंचेचा धागा कागदात ठेवला होता तो त्यांच्यापुढे उघडला. धमकी दिली नाही, समजूतही घातली नाही. एवढंच सांगितलं की उद्या शांताला पुन्हा मॅजिस्ट्रेटसमोर नेतील आणि पुढे तिला शिक्षा होऊ शकते.

त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "ते दाढी दुसऱ्या आरशात करायचे. त्या आरशासमोर नुसते उभे राहायचे, सकाळी, कोर्टात जायच्या आधी. पहिल्या दिवशी मी कुंकू लावलं आणि बोट तिथं नेलं, तर म्हणाले, तिथं नको. दुसऱ्या दिवशी आरशाशेजारी खिळा ठोकून रुमाल टांगला. माझ्या बोटाला."

"म्हणून देऊन टाकला?"

"आधी नाही. आधी नुसता डाग काढायचं ठरवलं होतं. ते पुसदला गेले, मी चिंच लावून घासला. डाग गेला, पण जागा पांढरी पडली. आधीपेक्षा जास्त दिसायला लागली. मग म्हटलं, आता आरसाच नको."

"साहेबांना सांगायचं."

"सांगणार होते. ते आले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, चोरी झाली. तो शब्द त्यांनीच काढला. मी फक्त नाही म्हटलं नाही." त्यांनी पदरानं हात पुसले. "मला परत पाठवतील ते माहेरी. माझ्यामागे दोन बहिणी लग्नाच्या आहेत."

"तुम्हाला पाठवतील की नाही हे मला माहीत नाही," मी म्हटलं. "शांता कोठडीत आहे हे माहीत आहे. संध्याकाळी ते आले की तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

त्यांनी सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. वकील कोट न काढता खुर्चीवर बसले आणि रिकाम्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, "त्याच दिवशी का नाही बोललीस?" त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंच नाही. सरळ ठाण्यावर गेलात." थोड्या वेळानं उठून त्यांनी तो रुमाल खिळ्यावरून काढला, घडी करून खिशात घातला आणि माझ्याबरोबर ठाण्यावर आले. बायकोला त्यांनी माहेरी पाठवलं नाही, एवढं पुढे मला कळलं. त्यापलीकडे त्या घरात काय झालं ते विचारायचा माझा संबंध नव्हता.

फौजदारांनी कागद केले. घरच्या बाईनं स्वखुशीनं दिलेली वस्तू, चोरी नाही. पुरावा नसल्यामुळे कलम १६९ खाली शांताला जातमुचलक्यावर सोडलं. आरसा डॉक्टरीणबाईंना परत मिळाला. तो ठेवणार का, असं मी त्यांना विचारलं. "का नाही? आरसा चांगला आहे," त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांची भांडणं काही त्यात दिसत नाहीत." शांताचा तळहाताएवढा तुकडा मी तिच्या हातात दिला. एक कड फुटली होती. ती म्हणाली, "असू द्या."

पुढे मी बढत्या घेत सब-इन्स्पेक्टर झाले, आता घरी बसले आहे. भाच्या-पुतण्या हल्ली जुन्या बाजारातून आरसे आणतात आणि मला दाखवतात. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचंच सांगते, मागून बघा, खिळे बघा, नख टेकवा. या प्रकरणानं मला शिकवलं ते याहून साधं आहे आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही. शांता पहिल्याच उत्तरात खरं बोलली होती. तपास म्हणून पुढे मी जे काही केलं, ते तिचं पहिलं उत्तर ऐकायला लागलेले चार दिवस होते. लिहून घेणं आणि ऐकणं यांत फरक असतो. नंतरच्या नोकरीत मी पहिला जबाब दोनदा वाचायला लागले. त्यामुळे दरवेळी खरं सापडलं असं नाही. थकवा मात्र वाढला.

त्या संध्याकाळी सुटताना शांता दारात थांबली. "मले कागद द्या का मी चोर नाही म्हणून."

"तसा कागद देता येत नाही."

"आन् देल्ला तरी आळीत कोण वाचते म्हणा." तिनं तुकडा पदरात बांधला. "मंग तुम्हीच चाला. नेलं तुम्हीच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, हजेरीच्या आधी, मी युनिफॉर्म चढवून तिच्याबरोबर त्या आळीत गेले. पहिल्या घरी मी दारातून सांगितलं, हिनं चोरी केलेली नाही, पोलिसांची चूक होती. घरच्या बाईनं हो हो म्हटलं आणि दार पुरतं उघडलं नाही. दुसऱ्या घरी नवी मोलकरीण अंगण झाडत होती. वकिलांच्या घरापाशी शांता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि मान न वळवता पुढे चालली. चौथ्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग तिला म्हणाल्या, "चार दिसाचे भांडे पडले हायेत. येतं का?"

शांतानं पदर खोचला आणि नळापाशी बसली. मी उभीच होते. तिनं कढई ओढून घेतली आणि वर बघून म्हणाली, "जा न आता, बाई. तुम्ही हे कपडे घालून उभ्या राह्यल्या त लोक पुन्हा जमून राह्यले."

मी गेले.